हजेरी क्रमांक एकोणीसची मोटार

सर, मागच्या मंगळवारी मुलांनी माझी मोटार उघडली. कार्यशाळेच्या दारात काचेच्या पेटीत इतकी वर्षं बसून होती, तीच. तुम्हाला ती पेटी आवडली नसती हे मला ठाऊक आहे. चालत्या वस्तूला कोंडून कशाला ठेवता, म्हणाला असता. पण विहिरीत पाण्यात बुडणारी नवी मोटार सोडल्यावर हिला भंगारात घालायला कुणाचा हात धजेना, आणि माझा तर मुळीच धजला नाही. पेटीवर मुलांनी पाटी लावली होती: ‘शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनीने भरलेली मोटार. एकदाही जळली नाही.’ येता-जाता मी त्या पाटीवरची धूळ पुसायचे. शिपाई हसायचा, म्हणायचा, मुख्याध्यापक मॅडमना अख्ख्या शाळेत एवढ्या एकाच ठिकाणची धूळ दिसते.

मंगळवारपासून डोक्यात एकच प्रश्न घोळतोय. ज्या मोटारीच्या जिवावर मी इतकी वर्षं मिरवले, ती माझी म्हणायची की नाही? उत्तर देऊ शकेल असं माणूस एकच होतं आणि तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. आज शाळेला सुट्टी आहे, ऑफिसात मी एकटीच आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला माहीत असलेल्याच पुष्कळ गोष्टी लिहीन. लिहिल्याशिवाय मला नीट दिसत नाही, आणि ही सवय तुमचीच.

मंठ्याच्या रस्त्याला जिनिंगचं बंद पडलेलं गोदाम होतं. त्यात सरकी सडल्याचा वास होता आणि वर पत्र्याला इतकी भोकं की दुपारी जमिनीवर उन्हाचे रुपये पडायचे. साखर कारखान्यातली फिटरची चांगली नोकरी सोडून तुम्ही तिथं शाळा काढलीत. आठवी ते दहावी, आणि पुस्तकाबरोबर हाताचं काम. गावात त्यावर चर्चा झाली ती अशी की, डोकं फिरलं. तुमच्या वडिलांच्या पिढीनं दीक्षा घेतलेली, घरात पहिले शिकलेले तुम्ही, आणि शिकून आलात ते हातोडी धरायला शिकवण्यासाठी. काही घरांनी पोरं का पाठवली नाहीत ते सगळ्यांना कळत होतं आणि कुणी तोंडानं बोलत नव्हतं. तुम्हीही बोलला नाहीत. ज्यांनी पाठवली त्यांच्या पोरांना घेऊन तुम्ही पत्र्याची भोकं बुजवायला शिडीवर चढलात. आज त्याच घरांतली माणसं जूनमध्ये माझ्या टेबलासमोर ओळखीच्या चिठ्ठ्या घेऊन उभी असतात. मी सगळ्यांना प्रवेश देते, पण थोडा वेळ उभं ठेवते. एवढं चालवून घ्या.

आमच्या वस्तीवर तुम्ही सायकलवरून आल्याचं मला स्पष्ट दिसतं. आबा मेंढराच्या पायातला काटा काढतायत. माय चुलीपाशी आहे, मी पाणी घेऊन दारात. तुम्ही बसला नाहीत, उभ्यानंच विषयाला हात घातलात.

“पोरगी द्या शाळंला.”

“कशाची शाळा?” आबांनी वर न बघता विचारलं.

“हातानं कामं शिकायची. वायरिंग, मोटारीचं काम, लाकूडकाम.”

“पोरीला मोटार कशाला हो?”

“खरं सांगू का? पट भरून न्हाई राह्यला. वीस लागतेत, अठरा हायेत.”

आबा तेव्हा हसले. “म्हंजे पोरगी तुम्हाला मोजायला पाहिजे.”

“आज मोजायला द्या. शिकली तं तिची हुशारी, न्हाई शिकली तं माझी चूक.”

हे ऐकून माझ्या मायनं चुलीवरून मान वळवली. एवढा खरं बोलणारा मास्तर तिनं पाहिला नसावा. रात्रीतून नाही, तिथल्या तिथं ठरलं. मी शाळेत गेले ती पट भरायला, हजेरी क्रमांक एकोणीस. विसावा गडी तुम्हाला आष्टीच्या बाजारात मिळाला, आईच्या भाजीच्या पाटीमागे बसलेला. आज तो जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात फोरमन आहे आणि अजूनही सांगतो की मला मेथीच्या जुडीबरोबर उचलून आणलं.

पहिल्या दिवशी आम्ही विचारलं, सर, बाकं कुठं आहेत? तुम्ही गोदामाच्या कोपऱ्यातल्या फळ्या दाखवल्या. म्हणालात, “ती काय, पडल्यात. जल्दी उठा, करा.” दिवाळीपर्यंत आम्ही जमिनीवर बसून लिहिलं आणि उभं राहून बाकं केली. माझं बाक एका बाजूला कललेलं होतं. त्यावर बसून मी आठवी पास झाले, त्यामुळं माझं त्या वर्षाचं अक्षरही जरा कललेलंच आहे.

आणि मग तुमचा तो नियम. शाळेतली प्रत्येक वस्तू मुलांनी करायची, आणि जो करील त्यानं तिच्यावर आपला हजेरी क्रमांक ठोकायचा. नाव नाही. नावानं माणूस फुगतो, आकड्यानं सापडतो, असं तुम्ही म्हणायचात. दारं, खिडक्या, बाकं, स्विचबोर्ड, विहिरीचा रहाट, सगळ्यांवर आकडे. वस्तू बिघडली तर दुसऱ्यानं हात लावायचा नाही, ज्याची त्यानं दुरुस्त करायची. आम्हाला वाटलं, हे शाळेत असेपर्यंत. पण पहिली तुकडी बाहेर पडली आणि पुढच्याच पावसाळ्यात तुम्ही पोस्टकार्डं टाकायला लागलात. ‘तुमची खिडकी फुगली आहे. लागत नाही. सवडीने येऊन जाणे. जेवण शाळेत.’ एवढाच मजकूर. आणि सर, पोरं यायची! एक जण पोलिसात लागला होता, तो वर्दीवर आला, टोपी काढून खुंटीला लावली आणि रंधा घेऊन बसला. एक नवरा-नवरी जांबला समर्थांच्या दर्शनाला निघाली होती, ती वाट वाकडी करून इकडं आली, कारण नवऱ्याच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती. नवरी शालू सावरत ओट्यावर बसून राहिली आणि तुमच्या घरातून तिच्यासाठी भाकरी-ठेचा आला. कार्ड आलं की पोरं लाजायची, शिव्या घालायची आणि मनातून खूश व्हायची. आपली शाळा उभी राहिली ती अशी. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या इतर शाळांत असतात, आपल्याकडं प्रत्येक चौकटीवर एखादा आकडा आहे आणि त्या आकड्याला पत्ता आहे.

मला मात्र कधी कार्ड आलं नाही. हे मी फार मिरवलं. शिक्षक खोलीत, पालक सभेत, नव्या मुलांसमोर. कार्ड आलं नाही कारण एकोणीस नंबरचं काम बिघडलंच नाही.

आता त्या वर्षाचं सांगते. शाळेचं तिसरं वर्ष होतं. मान्यता अजून आली नव्हती, आणि ती आली नाही तर आम्हा दहावीच्या मुलांना बोर्डाला बसता येणार नव्हतं, तीन वर्षं पाण्यात जाणार होती. बाकीच्यांची तीन वर्षं जाणार होती, माझं त्याहून जास्त. आबांनी स्पष्ट सांगितलं होतं, “मान्यता आली तं परीक्षेला बस. न्हाई आली तं दिवाळीनंतर पाव्हणे येतेत, मंग मला बोल लावू नको.” पाहुणे कोण हेसुद्धा मला ठाऊक होतं. माणसं वाईट नव्हती. पण त्यांच्या घरात मोटार उघडायला कुणी दिली नसती.

तपासणीचा दिवस ठरला आणि दहा दिवस आधी विहिरीवरची मोटार जळली. विजेचा दाब कमी-जास्त व्हायचा, तेव्हा गावात रोज कुणाची ना कुणाची जळायची. तपासणीच्या कागदात पिण्याच्या पाण्याची सोय हा रकाना होता, आणि मुलांनी केलेलं एक काम साहेबांसमोर चालवून दाखवायचं होतं. तुम्ही म्हणालात, दोन्ही एकातच उरकू. मोटार पोरं भरतील. मग माझ्याकडं पाहिलंत. “एकोणीस, तुझी बोटं बारीक हायेत. तू भर.”

काम सोपं नाही ते तुम्ही जाणत होता. मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेच्या चोवीस गुंडाळ्या असतात. एकेक गुंडाळी लाकडी साच्यावर तारेचे वेढे देऊन करायची, मग लोखंडाच्या खाचांत दाबून बसवायची, दोऱ्यानं बांधायची, वार्निश पाजायचं आणि उन्हात वाळवायचं. सगळ्या गुंडाळ्यांत वेढे सारखे हवेत. एकीत कमी पडले की मोटार तापते, गुणगुणते, आणि एक दिवस जळते. जळकी गुंडाळी कापून तुम्ही स्वतः वेढे मोजलेत आणि माझ्या वहीत लिहिलंत: चोपन्न. तार आणलीत ती बरोबर तेवढ्या हिशेबाची. मी आठ दिवस साच्याचा दांडा फिरवला. तोंडानं आकडे, हातानं वेढे. मुलं जेवायला जायची तेव्हाही मी दांडा सोडत नव्हते.

चोविसाव्या गुंडाळीला तार संपली. तिशीच्या थोडं पुढं गेले आणि हातात शेपूट आलं.

त्या क्षणाचं मला अजून नवल वाटतं, कारण मी रडले नाही, घाबरले नाही, हात आपोआप पुढचं काम करत गेले. आणि अर्धवट काम लपवायचं नसतं हे तर आदल्याच महिन्यात तुम्ही सगळ्या वर्गासमोर शिकवलं होतं. एका मुलानं चौकटीच्या सांध्यातली फट भुसा आणि सरस भरून लपवली होती. तुम्ही आवाज चढवला नाहीत. सगळ्यांना हातातलं ठेवायला लावलंत, चौकटीवर बोट फिरवलंत आणि म्हणालात, “लाकूड तं गप बसंल रे. तू कसा गप बसशील?” तो मुलगा चार दिवस कुणाशी बोलला नाही. आणि महिन्याभरात मी, तुमची एकोणीस नंबर, ती अर्धवट गुंडाळी फितीत गुंडाळली, फुगीर दिसावी म्हणून आत कागदाची घडी घातली, खाचेत बसवली आणि वर वार्निश ओतलं. माझ्या डोळ्यांसमोर पाहुणे होते. आणखी तार मागायला मंठ्याला माणूस जाऊन येईपर्यंत दोन दिवस मोडले असते, आणि मुळात मला तुमच्यासमोर उभं राहून तार संपली म्हणायचं नव्हतं. शनिवारी दुपारी मी मोटारीच्या अंगावर १९ ठोकला आणि घरी गेले.

सोमवारी साहेब आले. जाड भिंगाचे, घाम पुसणारे, चांगले होते बिचारे. बाकं हलवून पाहिली, माझं कललेलं बाक हलवून जरा जास्तच पाहिलं. मग आपण सगळे विहिरीवर गेलो. आबा मेंढरं राखायचं सोडून आले होते, लांब बाभळीखाली उभे होते. तुम्ही मला म्हणालात, “दाब बटण.” मी दाबलं. मोटार सुरू झाली, पाइपात हवा घरघरली आणि मग पाणी आलं. गढूळ, मग स्वच्छ, माझ्या मनगटाएवढ्या धारेनं. साहेबांनी ओंजळ धरून पाणी प्यायलं आणि विचारलं, कुणी भरली ही मोटार? तुम्ही म्हणालात, “हिनं. बिलकुल एकटीनं.” साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हो. आबा बाभळीखालून पुढं आले, त्यांनी त्या पाण्यात पाय धुतले आणि मेंढरांकडं परत गेले. मान्यतेचा कागद यायला पुढं दोन महिने लागले, पण आमच्या घरात तो त्याच दिवशी आला. पाहुण्यांना निरोप गेला की पोरगी परीक्षेला बसून राह्यली.

पुढचं तुम्ही पाहिलंतच, पण शेवटचा भाग नाही पाहिला, तो सांगताना माझी छाती खरंच फुगते. गोदामातून आपण स्वतःच्या इमारतीत आलो, तिचा पाया खणताना मीही फावडं मारलं, तेव्हा मी डिप्लोमा करून तुमच्याच हाताखाली नुकतीच शिकवायला लागले होते. तीन कामांची सहा झाली. आता ठिबकची जोडणी शिकवतो, सौर पंप शिकवतो, ट्रॅक्टरची दुरुस्ती शिकवतो, आणि ट्रॅक्टरच्या वर्गात मुली एवढ्या आहेत की मुलगे कोपऱ्यात उभे असतात. परतूर, मंठा, घनसावंगीकडच्या वाड्या-वस्त्यांवरून पोरं येतात. तालुक्यात कुठंही पंप बंद पडला तर जो माणूस दुरुस्तीला येतो, तो निम्म्या वेळी आपला असतो, आणि काम झाल्यावर आतल्या बाजूला गुपचूप आपला आकडा ठोकून जातो. त्यांना कुणी सांगितलं नाही. पोस्टकार्डं मात्र बंद झाली. आता मोबाइलवर माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे, त्यावर मी बिघडलेल्या वस्तूचा फोटो आणि आकडा टाकते. लगेच बाकीचे त्याची इतकी टर उडवतात की बिचारा रविवारच्या आत हजर होतो. जेवण अजूनही शाळेत. यंदा अकरावी-बारावीचा व्यवसाय विभाग मंजूर झाला. तो कागद हातात आला तेव्हा मी आधी विहिरीवर जाऊन उभी राहिले आणि मग शिक्षकांना सांगितलं.

त्या अकरावीच्या पहिल्याच तुकडीनं हा घाट घातला. त्यांचे शिक्षक आपलेच माजी विद्यार्थी. ते म्हणाले, मॅडम, हल्ली गुंडाळ्या यंत्रावर होतात, हाताचं जुनं काम मुलांना कुठं बघायला मिळणार? पेटीतली मोटार उघडू द्या. शाळेची मुख्याध्यापक नाही म्हणू शकत नाही अशी ही मागणी होती. मी म्हटलं, उघडा, आणि ऑफिसात येऊन उगाचच फायली लावत बसले.

तासाभरानं मंठ्याकडची एक मुलगी आली. हुशार आहे, जरा फटकळ. दारातच थांबली.

“मॅडम, रागवणार न्हाई तं सांगते.”

“सांग.”

“तेवीस गुंडाळ्यांत पंचावन वेढे हायेत. एकीत चोपन. मी दोनदा मोजले, मंग सगळ्यांनी मोजले. तुमच्या वहीत तं चोपन लिव्हेलं हाय. मंग ती एक बराबर अन् बाकीच्या चुकल्या, असं कसं?” मग म्हणाली, “अन् त्या एकीची तार वेगळी दिसून राह्यली. गाठ पण वेगळी हाय.”

मी तिच्याबरोबर गेले. तेवीस गुंडाळ्यांना माझ्या मेंढक्या गाठी होत्या, आबा मेंढरांच्या वाडग्याचा दोर बांधायचे तशा. चोविसाव्या गुंडाळीला तुमची गाठ होती, दुहेरी, टोक आत वळवलेली. अशी गाठ तुमच्याशिवाय कुणी बांधत नव्हतं. आणि माझे ते पंचावन्न. उभ्या उभ्या मला उमगलं. आमच्या घरी मेंढरं मोजताना पहिलं मेंढरू देवाचं असायचं. ते वाडग्यातून बाहेर पडलं की आबा हात जोडायचे आणि त्याच्या मागच्यापासून ‘एक’ म्हणायला सुरुवात करायचे. लहानपणापासून मी तसंच मोजत आले. साच्यावर पहिला वेढा देताना मी मुकी राहिले, दुसऱ्याला म्हटलं ‘एक’. चोवीस वेळा. प्रत्येक गुंडाळीत एक वेढा देवाला गेला आणि शेवटी तार संपली. एवढी वर्षं मी मनाशी धरून बसले होते की सरांनीच तार कमी आणली असणार. सर, माफ करा. तार बरोबर होती.

मुलं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. मेंढरांचं सांगितलं, फितीत घातलेली कागदाची घडी सांगितली, पाहुणे सांगितले. म्हटलं, बरोबर आहे ती सरांची, चुकलेल्या तेवीस माझ्या. मग ती फटकळ मुलगी म्हणाली, “पण मॅडम, तुमच्या तेवीस गुंडाळ्या चालल्याच की इतकी वर्षं.” ते खरं आहे. सगळीकडं सारखीच चूक केली की मोटारीला ती कळत नाही. वीसहून जास्त वर्षं त्या मोटारीनं अख्ख्या शाळेला पाणी पाजलं, आणि त्यातले तेवीस भाग माझ्या हातचे होते. त्या मुलीनं मला माझी मोटार परत दिली असं मला वाटलं. मग नियमाप्रमाणे मी ती दुरुस्त करायला बसले. तार दिसत नाही, चष्म्यावर चष्मा लावावा लागतो, मुलांनी दिवा धरला आणि साच्याचा दांडा मी कुणाच्या हातात दिला नाही. चोवीस गुंडाळ्या, चोपन्न वेढे. मुलं मोठ्यानं माझ्याबरोबर मोजत होती. काल ती रोपवाटिकेच्या हौदावर बसवली. पेटीत मुलं आता हातमोजे ठेवतात.

पण मला तुमचा रागही आला, तो लिहिलाच पाहिजे. नियम तुमचा होता. ज्याची त्यानं दुरुस्त करायची. पोलिसाला बोलावलंत, नवऱ्या मुलाला बोलावलंत, मग मला रविवारी वस्तीवरून बोलवायला काय झालं होतं? सायकल होती. मी मुलगी म्हणून सूट दिलीत का? की शाळेसाठी? की बाभळीखाली उभ्या राहणाऱ्या माझ्या बापासाठी? तुम्ही आजारी होता तेव्हा मी किती दुपारी तुमच्या उशाशी बसले. तुमच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायचा, तुम्ही विचारायचात, कार्यशाळेतला लेथ दुरुस्त झाला का, आठवीचा पट किती? आपल्याला दोघांनाही वेळ होता. आपण लेथबद्दल बोललो.

मुलीनं मला तेच विचारलं होतं. “मंग सरांनी तुम्हाला सांगितलं का न्हाई?” मी म्हटलं, माहीत नाही गं, मलाही हे आज, तुझ्यामुळं कळलं. सगळ्या मुलांनी ते खरं मानलं. शिक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की मॅडमनी भर वर्गात चूक कबूल केली, असा माणूस आता मिळत नाही वगैरे. मला बरं वाटलं, हेही लिहिते.

सर, मेंढरांच्या मोजणीचं मला मंगळवारीच कळलं, हे खरं आहे. तुमच्या गाठीचं नाही, ते आधीच ठाऊक होतं. त्या सोमवारी मी सगळ्या मुलांच्या आधी विहिरीवर आले होते, तुम्ही तिथंच होता. मी शनिवारी दिलेलं वार्निश दोन दिवसांच्या उन्हात खडखडीत वाळायला हवं होतं, आणि मोटारीला ओल्या वार्निशचा वास येत होता. तुमच्या बोटांची टोकं तपकिरी झाली होती. मी मोटारीकडं पाहिलं, तुमच्या हातांकडं पाहिलं, आणि तुम्ही मला बघताना पाहिलंत. तुम्ही वाट बघत होता, मी काही म्हणते का. साहेबांची जीप यायला तेव्हा चांगला तासभर अवकाश होता. मी ओढणीनं बटण पुसत राहिले.

उद्या परिपाठाला हे मुलांना सांगेन, असं इथं लिहिलं होतं. खोडलं. नाही सांगणार मी, सर.